दीड लाखात निसर्गकेंद्राचे दालन नवे करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील एका टेकडीच्या पायथ्याशी एका विश्वस्त संस्थेचे छोटे निसर्गकेंद्र आहे. त्यात दोन खोल्या, पंधरा वर्षांपूर्वीचे फ्लेक्सचे तक्ते, पेंढा भरलेले काही पक्षी, बाटल्यांमधले साप, दगडांचे नमुने, कोकणातून आणलेले शंख-शिंपले आणि बंद पडलेला एक टचस्क्रीन एवढा संग्रह आहे. शाळांच्या सहली येतात, पण मुले दहा मिनिटांत बाहेर पडतात. हाती दीड लाख रुपये आहेत आणि एवढ्या पैशांत दालन नवे करायचे आहे.

गेली सव्वीस वर्षे मी पुण्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात संग्रहालयांची व निसर्गकेंद्रांची मांडणी करतो आहे. त्या अनुभवावरून आधी माझा निर्णय सांगतो आणि मग त्याची कारणे देतो. या पैशांतून एकही नवा नमुना, नवा पडदा किंवा नवे मॉडेल विकत घेऊ नये. जवळपास सर्व रक्कम प्रकाश, मजकूर आणि हाताळता येणाऱ्या एका टेबलावर खर्च करावी, आणि आज जे मांडलेले आहे त्यातले निम्म्याहून अधिक उचलून आत ठेवावे. विश्वस्तांना हे पटवणे कठीण जाते, कारण देणगीदाराला दाखवण्यासारखी ‘नवी वस्तू’ त्यात दिसत नाही. परंतु मुले दहा मिनिटांत बाहेर पडतात याचे कारण वस्तू कमी आहेत हे नसून, कोठे थांबावे हे त्यांना कळत नाही, हे आहे.

हे माझ्या सांगण्यावरून मान्य करू नये. स्वतः मोजून पाहावे. दोन्ही खोल्यांचा साधा नकाशा काढून त्याच्या चाळीस छायाप्रती कराव्यात. एका स्वयंसेवकाने कोपऱ्यात बसून प्रत्येक पाहुण्यासाठी एक कागद घ्यावा, तो कोठून कोठे गेला याची रेघ ओढावी, आणि जेथे पाच सेकंदांहून अधिक थांबला तेथे फुली मारून वेळ लिहावी. शाळेच्या सहली आणि रविवारी येणारी कुटुंबे यांची पाने वेगळी ठेवावीत, कारण त्यांचे वागणे अगदी वेगळे असते. सहलीतली मुले शिक्षकांच्या पाठोपाठ रांगेने सरकतात, तर कुटुंबातले मूल जे दाखवते तेथे आई-वडील थांबतात. दोन आठवड्यांत चाळीस पाने भरतात आणि त्यांचा खर्च छायाप्रतींपुरता असतो. मी असे निरीक्षण पहिल्यांदा केले तेव्हा एका केंद्रात सर्वाधिक फुल्या एका खिडकीपाशी पडल्या होत्या, कारण बाहेरच्या झाडाला लागलेले आग्यामोहोळ तेथून दिसत होते. आत मधमाश्यांवर एक मोठा रंगीत तक्ता होता आणि त्याच्यासमोर एकही फुली नव्हती. त्या दोन आठवड्यांनी माझी कामाची पद्धत बदलली.

फुल्या न पडलेल्या जागा समजल्या की कमी करण्याचे काम सुरू करावे. पुण्यात राहणाऱ्यांना याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेल्या सुमारे २०,००० वस्तूंपैकी थोड्याच वस्तू राजा दिनकर केळकर संग्रहालयात एका वेळी मांडलेल्या असतात, आणि तरीही अडकित्ते, दिवे, दौती, वज्री पाहताना पाऊल निघत नाही. आपल्याकडे बारा पक्षी असतील तर चार बाहेर ठेवावेत आणि दर चार महिन्यांनी बदलावेत. उन्हाळ्यात नवरंग, हिवाळ्यात धोबी असा ऋतूचा मेळ घातला, तर बदलाला कारणही मिळते आणि पुन्हा येणाऱ्याला काही नवे दिसते. शिवाय जे पक्षी आत असतात त्यांची पिसे तेवढा काळ प्रकाशापासून वाचतात.

आत ठेवण्यापूर्वी एक गंभीर सूचना करतो. जुने पेंढा भरलेले पक्षी व प्राणी किडीपासून वाचवण्यासाठी आर्सेनिकयुक्त साबण आणि पाऱ्याची संयुगे सर्रास वापरली जात असत. त्यामुळे त्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये, फडक्याने झटकू नये, आणि मुलांना तर कधीही हाताळू देऊ नये. नायट्राइलचे हातमोजे व चांगल्या प्रतीचा मास्क घालूनच ते हलवावेत. बाटल्यांतले साप फॉर्मलिनमध्ये असतील तर बाटली आपल्या आपण उघडून द्रव भरू नये. जवळच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्र विभागाची मदत मागावी, ती सहसा मिळते. त्याच वेळी कागदपत्रेही तपासून घ्यावीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार संरक्षित प्राण्यांचे असे नमुने, कातडी किंवा शिंगे बाळगण्यासाठी मालकीचे प्रमाणपत्र लागते. ते नसेल तर वन विभागाशी स्वतःहून लेखी संपर्क साधावा. नूतनीकरणानंतर छायाचित्रे प्रसिद्ध होतात आणि तेव्हा हा प्रश्न निघण्यापेक्षा आधी मिटलेला बरा.

आता खर्चाकडे येतो. पहिला पैसा वायरिंगवर जावा. दिल्लीचे राष्ट्रीय प्राकृतिक इतिहास संग्रहालय २६ एप्रिल २०१६ रोजी आगीत भस्मसात झाले आणि पुन्हा कधीही मिळणार नाहीत असे नमुने त्यात गेले. आपल्या केंद्रात वाळलेली पिसे, लाकूड, कापूस आणि कदाचित स्पिरिटच्या बाटल्या एकाच छताखाली आहेत. जुने जोड, लोंबकळणाऱ्या वायरी आणि ट्यूबलाइटचे गरम होणारे चोक काढून टाकणे हे नूतनीकरणाचेच काम आहे असे मी मानतो.

प्रकाशाच्या बाबतीत दोन गोष्टी एकत्र साधायच्या असतात: वस्तू नीट दिसावी आणि ती टिकावी. पिसे, कातडी, कापड, कागद व जलरंगातील चित्रे यांच्यासाठी ५० लक्स (लक्स म्हणजे वस्तूवर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक) ही सर्वमान्य मर्यादा आहे. दगड, बहुतेक खनिजे व धातू यांना अशी अडचण नसते. प्रकाशाने होणारी हानी साठत जाते आणि ती भरून येत नाही, म्हणून हिशेब लक्स-तासांत करावा. ५० लक्सवर रोज आठ तास, वर्षाचे ३०० दिवस पक्षी ठेवला तर १,२०,००० लक्स-तास होतात. तोच पक्षी खिडकीजवळ १,००० लक्समध्ये असेल तर वर्षभराचा हा भार अवघ्या पंधरा दिवसांत पडतो. आपले पक्षी पांढुरके पडलेले असतील तर त्याचे कारण बहुधा पश्चिमेकडची खिडकी हेच असेल. पक्ष्यांची काचपेटी आतल्या भिंतीकडे न्यावी आणि खिडकीजवळची जागा दगडांना द्यावी. या अदलाबदलीला दोन माणसांची एक सकाळ पुरते.

काचपेटीसाठी तापकीर गल्लीत मिळणाऱ्या एलईडी पट्ट्या चालतात, मात्र घेताना रंगदर्शकता निर्देशांक (सीआरआय, म्हणजे त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचे माप) ९० किंवा त्याहून अधिक आहे का हे विचारावे. तो कमी असला की नवरंगाचा निळा-हिरवा रंग मळकट दिसतो. पट्टीचा ड्रायव्हर, म्हणजे तिला वीज पुरवणारा डबा, पेटीच्या बाहेर बसवावा, म्हणजे त्याची उष्णता आत साठत नाही. खोलीतला सर्वसाधारण उजेड कमी करून वस्तूवरचा उजेड थोडा अधिक ठेवला, तर ५० लक्सही पुरेसे वाटतात, कारण डोळा भोवतालच्या तुलनेने पाहतो. आणखी एक उपाय मी अनेक ठिकाणी वापरला आहे. सर्वात नाजूक पेटीवर जाड मांजरपाटाचा पडदा टाकावा आणि ‘उचलून पाहा’ अशी पाटी लावावी. पाहणारा पडदा उचलतो तेवढाच वेळ पिसांवर प्रकाश पडतो, आणि झाकलेले पाहण्याची ओढ मुलांना अशी असते की त्या पेटीपाशी रांग लागते.

सर्वाधिक विचार मात्र मजकुरावर करावा लागतो आणि तेथेच बहुतेक केंद्रे सर्वात कमी वेळ देतात. आपल्या सध्याच्या पाट्यांवर साधारणपणे असे लिहिलेले असते: ‘नवरंग. कुल: पिट्टिडी. लांबी: १९ सेंमी. आहार: कीटक. आढळ: भारतीय उपखंड.’ यातले काहीही चूक नाही, पण वाचणाऱ्याला त्या पक्ष्याकडे पुन्हा पाहण्याचे कारण मिळत नाही. त्याच जागेत असे लिहून पाहावे: ‘पावसाच्या तोंडावर, भल्या पहाटे, टेकडीवरून दोन सुरांची मोठी शीळ ऐकू आली तर ती या पक्ष्याची असू शकते. याची शेपटी किती आखूड आहे पाहा. हा बराच वेळ जमिनीवर असतो आणि पाचोळा उलथून किडे शोधतो. हिवाळा दक्षिण भारतात व श्रीलंकेत घालवून तो इकडे येतो.’ पहिल्या वाक्यात वाचणाऱ्याचा स्वतःचा अनुभव आहे, दुसरे वाक्य त्याची नजर वस्तूकडे वळवते आणि मग माहिती येते. हा क्रम मी शक्यतो मोडत नाही. एका पाटीवर पन्नास-साठ शब्दांहून अधिक मजकूर ठेवू नये. शास्त्रीय नाव खाली लहान अक्षरांत द्यावे. ते काढून टाकू नये, कारण महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आणि निष्ठावान पक्षीनिरीक्षकांना ते हवे असते.

छापण्यापूर्वी प्रत्येक मजकूर घरच्या प्रिंटरवर साध्या कागदावर काढून चिकटपट्टीने जागेवर लावावा आणि एक महिना तसाच राहू द्यावा. पाचवीतल्या मुलाला तो मोठ्याने वाचायला सांगावा. जेथे ते अडखळते तेथे वाक्य बदलावे. वाचून झाल्यावर ‘यात काय सांगितले आहे?’ असे विचारावे आणि उत्तर लिहून घ्यावे. माझ्या अनुभवात पहिल्या मसुद्यातला निम्मा मजकूर या पायरीवर गळतो. छापलेल्या पाटीतली चूक दुरुस्त करायला पैसे लागतात, तर कागदावरची चूक फुकट दुरुस्त होते, आणि तरीही हा एक महिना वाचवण्याची घाई मी प्रत्येक ठिकाणी पाहिली आहे. उद्घाटनाची तारीख आधी ठरवली की हेच होते.

मराठी छपाईत एक वेगळी काळजी लागते. अनेक छपाईवाल्यांकडील जुनी सॉफ्टवेअरे युनिकोड देवनागरी नीट उघडत नाहीत; रफार सरकतो, जोडाक्षरे फुटतात, वेलांटी भलत्या अक्षरावर बसते. म्हणून मजकूर वर्डच्या फाइलमध्ये कधीही देऊ नये. अक्षरांचे रेखाचित्रात रूपांतर करून पीडीएफ द्यावी आणि पूर्ण काम छापण्याआधी एका पाटीचा नमुना हातात घेऊन वाचावा. ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट मुक्त परवान्याखाली मोफत मिळतात आणि दुरूनही स्वच्छ वाचता येतात. देवनागरीत वर-खाली मात्रा असल्यामुळे ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा अधिक ठेवावे लागते. पाट्यांची उंची लहान मुलांना आणि चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांनाही वाचता येईल अशी असावी. जमिनीपासून साधारण १२० सेंटिमीटरवर मध्य आला की बहुतेकांची सोय होते.

फ्लेक्स पुन्हा लावू नये. तो चकाकतो, सुरकुततो, त्याचा वास खोलीत राहतो आणि बदलायचा झाला की पूर्ण फेकावा लागतो. सनबोर्डवर मॅट छपाई करून पाट्या लहान-लहान तुकड्यांत कराव्यात आणि भिंतीवर लाकडी पट्टीच्या खाचेत सरकवून बसवाव्यात. एक पाटी चुकली, फिकी पडली किंवा पक्षी बदलला, तर तेवढा एकच तुकडा बदलता येतो.

हाताळण्याच्या टेबलावर माझा विशेष लोभ आहे. ते बियांचे करावे. मेडशिंगीची लांब वाकडी शेंग आणि तिच्यातल्या पातळ पंखांच्या बिया, वावळाची गोल चपटी पंखी फळे, काटेसावरीचा कापूस, बहाव्याची खुळखुळणारी शेंग हे सर्व पुण्याच्या रस्त्यांवर व टेकड्यांवर उन्हाळ्यात खाली पडलेले मिळते. त्याला पैसे पडत नाहीत आणि हरवले किंवा तुटले तर पुढच्या वर्षी पुन्हा मिळते. शेजारी टेबलपंखा बसवून वर एक उभी पारदर्शक नळी लावली की कोणते बी उडते आणि कोणते पडते हे मुले स्वतः करून पाहतात. पुण्यातील मुक्तांगण विज्ञान शोधिका या मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याचे जे काम उभे केले ते पाहिलेल्या माणसाला अशा साधनांची ताकद वेगळी सांगावी लागत नाही. मात्र गुंज, एरंड, कण्हेर आणि धोतरा यांच्या बिया टेबलावर कधीही ठेवू नयेत, कारण त्या विषारी आहेत आणि गुंजेचा लाल-काळा मणी तर लहान मूल हमखास तोंडात घालते. इतर बियाही आणल्यावर जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ ते २० अंशांवर दोन आठवडे डीप फ्रीजमध्ये ठेवाव्यात. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस बंदच ठेवावी, म्हणजे ओल पिशवीच्या बाहेर धरते. यामुळे भुंगे व अळ्या मरतात. हे न करता एका केंद्रात शेंगा थेट टेबलावर मांडल्या गेल्या आणि तीन महिन्यांत त्यांतली कीड शेजारच्या फुलपाखरांच्या पेटीत शिरली. तो संग्रह एका शिक्षकांनी तीस वर्षे जमवलेला होता आणि तो वाचवता आला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बेसॉल्टचा एक मोठा धोंडा ठेवावा, जो कोणी उचलून नेऊ शकणार नाही. आपले केंद्र, टेकडी आणि निम्मे शहर याच दगडावर उभे आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर थिजून तो झाला, त्यात अडकलेल्या वायूच्या पोकळ्यांमध्ये नंतर स्टिल्बाइट, ॲपोफायलाइट यांसारखे स्फटिक वाढले, आणि पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीत सापडलेले कॅव्हनसाइट हे निळे खनिज तर जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसले आहे. पोकळ्या असलेला धोंडा मिळाला तर एका पोकळीवर साखळीने बांधलेले भिंग ठेवावे आणि पाटीवर एवढेच लिहावे की जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वराचे लेणे याच जातीच्या दगडात कोरले आहे. पुण्यातल्या मुलाने पाताळेश्वर पाहिलेले असते. त्याच्या ओळखीच्या जागेला आपण हा दगड जोडून दिला की पुढचे काम ते स्वतः करते.

खिडकीलाही मांडणीचा भाग करावे. टेकडी दिसणाऱ्या खिडकीच्या काचेवर टेकडीची आकाररेषा पांढऱ्या मार्करने काढून कोठे गिरिपुष्पाची लागवड आहे, कोठे मूळचे गवताळ रान आहे आणि कोठे खाणीचा खड्डा आहे हे लिहावे. शेजारी एक फळा टांगावा व त्यावर ‘आज टेकडीवर’ या शीर्षकाखाली सकाळी फिरायला येणाऱ्यांनी पाहिलेल्या गोष्टी खडूने लिहाव्यात. हा फळा रोज लिहिला गेला पाहिजे. आठ दिवसांपूर्वीची तारीख असलेला फळा नसलेल्यापेक्षा वाईट दिसतो, म्हणून त्याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीकडे द्यावी.

टचस्क्रीन दुरुस्त करू नये. मी स्वतः एका प्रकल्पात दोन पडदे बसवण्याचा आग्रह धरला होता. दीड वर्षात दोन्ही बंद पडले, देखभालीचा करार नव्हता, आणि नंतर कित्येक महिने दालनाच्या मधोमध दोन काळे चौकोन उभे होते. देखभालीचा वार्षिक खर्च अंदाजपत्रकात नसेल तर पडद्यासारखे कोणतेही इलेक्ट्रॉनिक साधन घेऊ नये, असे मी तेव्हापासून सांगतो. बिजागरीवर उघडणारी झडप, सरकणारी फळी, फिरणारी चकती ही साधने शेजारचा सुतार अर्ध्या तासात दुरुस्त करू शकतो. प्रत्येक हलत्या भागाचे दोन जादा नग पहिल्याच दिवशी करून ठेवावेत.

रंगकाम आणि सुतारकाम पावसाळा संपल्यावर करावे आणि पेटीला आतून रंग दिल्यानंतर किमान तीन-चार आठवडे ती उघडी ठेवूनच वस्तू आत मांडाव्यात. प्लायवुड, एमडीएफ आणि ताजा रंग यांतून आम्लयुक्त वाफा निघतात. बंद पेटीतल्या शंख-शिंपल्यांवर त्या वाफांची प्रक्रिया होऊन पांढरी पूड धरते आणि कवच हळूहळू खाल्ले जाते. तिला अनेकजण बुरशी समजून ओल्या फडक्याने पुसतात, त्याने काही साधत नाही. आपल्या शंखांवर अशी पूड असेल तर त्यांना लाकडी कपाटातून काढून काचेच्या बरणीत ठेवावे. पावसाळ्यात आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी येते, म्हणून पक्ष्यांच्या पेटीत एक छोटा आर्द्रतामापक आणि सिलिका जेल ठेवावे. सिलिका जेल नारिंगी दाण्यांचे घ्यावे, कारण निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असते. रंग बदलल्यावर दाणे साधारण १२० अंशांवर भट्टीत तापवून पुन्हा वापरता येतात.

रकमेची विभागणी मी अशी करीन: वायरिंग व प्रकाशासाठी पंचेचाळीस हजार, मजकूर, चित्रे व छपाईसाठी पस्तीस हजार, टेबल व सुतारकामासाठी तीस हजार, रंग, काचा व साफसफाईसाठी वीस हजार, आणि उरलेले वीस हजार बाजूला. लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणि बिजागऱ्या, साखळ्या बोहरी आळीतून घेतल्या तर दरांत फरक पडतो. जुनी सागवानी कपाटे बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात कधीकधी मिळतात, पण विकत घेण्यापूर्वी मागच्या बाजूला वाळवीची भोके आणि ताजा भुसा आहे का हे उजेडात नीट पाहावे. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीकडे जायचे असेल तर आधी हे काम पूर्ण करावे, निरीक्षणाची चाळीस पाने पुन्हा भरावीत आणि आधीची व नंतरची पाने शेजारी ठेवून दाखवावीत.

बाजूला ठेवलेल्या वीस हजारांना पहिले सहा महिने हात लावू नये. नव्या मांडणीत मुले जे तोडतील, जे चुकीचे समजतील आणि जे न पाहताच पुढे जातील ते सहा महिन्यांत दिसून येईल, आणि ही रक्कम त्याच दुरुस्त्यांसाठी आहे.